खालची दाढ काढली, आता ब्रिज करू, इम्प्लांट करू की जागा तशीच सोडू?

चांदणफूल

नमस्कार मंडळी. खालच्या डाव्या बाजूची मोठी दाढ काढावी लागली. अक्कलदाढ सोडली तर मागून दुसरी, सहाव्या वर्षी येते ना ती. तिचं रूट कॅनॉल बऱ्याच वर्षांपूर्वी झालं होतं, वर कॅपही होती, पण हिरडीवर एक बारीक पुळी यायची, दाबली की पू निघायचा, चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. शेवटी कळलं की मुळालाच उभी चीर गेलीये, मग ती वाचवण्यात अर्थ नाही म्हणून काढली. जखम आता भरलीये, दुखत वगैरे काही नाही.

आता पुढचं काय ते ठरत नाहीये. एक डॉक्टर म्हणतात ब्रिज करा, पुढचा आणि मागचा असे दोन दात घासून तीन कॅपचा एक सेट बसवू, दोन-तीन आठवड्यांत मोकळ्या व्हाल. दुसरे म्हणतात ब्रिजच्या भानगडीत पडू नका, इम्प्लांट करा, पण त्याला काही महिने लागतील. घरात सगळ्यांचं म्हणणं की आतली दाढ आहे, कोणाला दिसतेय, राहू दे तशीच.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. चांगले दात घासायचे हे मनाला पटत नाही, त्यात खरंच एवढं नुकसान असतं का? इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू, तो शरीर नाकारत नाही ना, आणि मला शुगर आहे (गोळी चालू आहे, बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये) तर चालतं का? आणि जागा रिकामीच ठेवली तर नक्की काय होतं? ज्यांनी स्वतः यातून काही केलंय त्यांनी लिहा प्लीज.

जाता जाता आईबद्दलही विचारते. तिचं वय ७४, वर-खाली पूर्ण कवळी आहे. वरची छान बसते पण खालची नुसती तरंगते, बोलताना उचलली जाते, त्यामुळे ती चारचौघांत जेवायचंच टाळते. ते बघून फार वाईट वाटतं. तिच्यासाठी काही करता येतं का?

रानपाखरू

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो कारण माझी अगदी हीच दाढ गेली होती, फक्त उजवीकडची, आणि कामाच्या धावपळीत ती जागा बरीच वर्षं तशीच राहिली. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, दुसऱ्या बाजूने चावायची सवय लागते आणि विसरायला होतं. हळूहळू काय झालं तर वरच्या दाढेला खाली टेकायला काही उरलं नाही म्हणून ती खाली उतरत आली, इतकी की तोंड मिटलं की खालच्या हिरडीला टेकायची, आणि मागची दाढ पुढे कलली. कललेल्या दाढेच्या पुढच्या बाजूला एक कोनाडा तयार झाला, त्यात रोज काहीतरी अडकणार, ब्रश तिथे पोचतच नाही, मग तिथेच कीड लागली.

जेव्हा खाली दात बसवायचं ठरवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले जागाच नाहीये बसवायला. वरची दाढ उतरलेली, ती आधी घासून वर घ्यावी लागली, तेवढी घासायची म्हणजे नस उघडी पडणार म्हणून तिचं रूट कॅनॉल, त्यावर कॅप, आणि त्यानंतर खालचं काम. म्हणजे एका दाताचं काम दोन दातांवर गेलं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही म्हणत मी, पण निदान दर सहा महिन्यांनी वरची दाढ किती उतरलीये ते कोणीतरी बघायला हवं.

क्लिनिकमधून

मी दंतवैद्य आहे. तपासल्याशिवाय इथून नक्की काय करा ते सांगता येत नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल असं थोडं सविस्तर लिहितो.

बहुतेक पेशंट रिकाम्या जागेबद्दल विचारतात, पण निर्णय खरं तर त्या जागेच्या शेजारी कोण उभं आहे आणि समोर वर कोण आहे यावर होतो. शेजारचे दोन्ही दात कोरे असतील, म्हणजे कीड नाही, फिलिंग नाही, तर ब्रिजसाठी त्यांना चहूबाजूंनी साधारण दीड ते दोन मिलिमीटर घासायचं म्हणजे दाताचं सगळ्यात मजबूत कवच, इनॅमल, कायमचं घालवायचं. ते परत येत नाही. घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे कधीतरी मरते आणि रूट कॅनॉल करावं लागतं. म्हणून दोन कोरे दात असतील तर मी स्वतः ब्रिजची घाई करत नाही. पण शेजारच्या दातांवर आधीच कॅप असेल किंवा मोठं जुनं फिलिंग असेल आणि त्याला तसंही कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा चांगला, सरळ आणि लवकर होणारा उपाय आहे, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. तेव्हा चांदणफूल, तुमच्या गॅपच्या पुढे-मागे काय आहे ते आधी सांगा, तुम्ही ते लिहिलंच नाहीये.

आता शरीर नाकारतं का. किडनी बदलल्यावर शरीर ती नाकारतं तसं इथे होत नाही, कारण इम्प्लांट दुसऱ्या कोणाच्या पेशींचं नसतं, टायटॅनियमचं असतं. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या बारीक नळ्या बसवून रक्तपुरवठ्याचा अभ्यास करत होते, काम झाल्यावर त्या नळ्या काढायला गेले तर निघेनात, हाड त्यांना घट्ट धरून वाढलं होतं. त्यातूनच ही कल्पना आली, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या गृहस्थांचं २००६ मध्ये निधन झालं तोपर्यंत ते दात त्यांच्या तोंडात काम करत होते, म्हणजे ४० वर्षांच्या वर. आज काळजीपूर्वक केलेल्या इम्प्लांटपैकी १०० मधले ९० च्या वर १० वर्षांनंतरही जागेवर असतात.

जे सुटतात ते साधारण दोन वेळा सुटतात. एक तर सुरुवातीच्या महिन्यांत, हाड धरण्याआधीच त्याच्यावर ताण आला, तो हलला किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला. किंवा मग खूप वर्षांनी, भोवती मळ साचून हिरडी सुजते आणि हाड हळूहळू खाली खाली जातं. हे दुसरं दुखत नाही म्हणून जास्त वाईट. नैसर्गिक दात आणि हाड यांच्या मध्ये तंतूंची एक बारीक गादी असते, दाब किती पडतोय हे तीच मेंदूला सांगते, इम्प्लांटला ती नसते. त्यामुळे चावा थोडा जरी उंच राहिला तरी पेशंटला कळतच नाही. कॅप बसवताना आम्ही तो निळा कागद पुन्हा पुन्हा चावायला लावतो ना, तो त्यासाठीच. कंटाळा आला तरी डॉक्टरांना ते नीट करू द्या.

शुगरचं म्हणाल तर ती नसणं महत्त्वाचं नाही, ताब्यात असणं महत्त्वाचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ७ च्या आसपास असेल तर मी काम करतो, ८ च्या वर असेल तर आधी फिजिशियनकडे पाठवतो. आणि कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद करायला सांगतो, कारण तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट न टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

राहिला वेळ. दात काढल्यावर तिथलं हाड बसायला लागतं, कारण त्याला आता धरून ठेवायला मूळ नसतं. पहिल्या वर्षात रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातला बराच भाग पहिल्या ३ महिन्यांतच जातो. म्हणून ठरवायला वेळ घ्या, पण वर्षानुवर्षं नको. सीबीसीटी म्हणून एक थ्री-डी एक्स-रे असतो, त्यात हाडाची उंची, रुंदी आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस कुठून जाते ते दिसतं. त्या नसेपासून साधारण २ मिलिमीटर तरी अंतर राखावं लागतं. खालच्या मागच्या दाढेत हा एक्स-रे न बघता स्क्रू बसवायला कोणी निघालं असेल तर आधी तो काढायला सांगा.

साधीसुधी

डॉक्टरांनी ब्रिजला कमी लेखलं नाही हे बरं झालं, नाहीतर हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी इम्प्लांट. माझा ब्रिज बारा-तेरा वर्षं झाली, उत्तम चाललाय, पण माझ्या दोन्ही बाजूच्या दातांना आधीच रूट कॅनॉल होऊन कॅप लागलेल्या होत्या, म्हणजे घासायचं नुकसान आधीच होऊन गेलं होतं.

एक गोष्ट मात्र कोणी नीट सांगत नाही ती मी सांगते. ब्रिजमधला मधला दात हिरडीत रुतलेला नसतो, नुसता वर टेकलेला असतो, आणि त्याच्या खालून रोज साफ करावं लागतं. साधा फ्लॉस वरून जातच नाही कारण तिन्ही कॅप एकमेकींना जोडलेल्या. त्यासाठी वेगळा फ्लॉस मिळतो, एक टोक कडक असतं आणि मधला भाग लोकरीसारखा फुगीर. ते कडक टोक गालाच्या बाजूने दोन दातांच्या मधल्या फटीत घालायचं, जिभेच्या बाजूने बाहेर ओढायचं आणि फुगीर भाग मधल्या दाताच्या पोटाखालून पुढे-मागे फिरवायचा. पहिले काही दिवस आरशासमोर फार वेळ लागतो, मग सवय होते. ओढून काढल्यावर त्याचा वास घेऊन बघा, रोजच्यापेक्षा घाण वास सारखा यायला लागला तर समजायचं कुठेतरी कॅपच्या कडेला सिमेंट सुटलंय किंवा आत कीड शिरलीये, लगेच दाखवायचं. कॅपला कीड लागत नाही पण कॅपच्या खालच्या दाताला लागते, आणि रूट कॅनॉल झालेला असेल तर दुखतही नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंचा ब्रिज असाच आतून पोखरला गेला आणि आधाराचा एक दातच काढायची वेळ आली.

चांदणफूल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी समोर बसूनही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर, शेजारचं सांगते. पुढचा दात, म्हणजे छोटी दाढ, एकदम कोरी आहे, काहीही नाही. मागच्या दाढेला मोठं चांदीचं फिलिंग आहे, खूप जुनं, त्याचा एक कोपरा तुटलाय आणि थंड पाणी लागलं की थोडं शिवशिवतं. वरची दाढ शाबूत आहे आणि अजून तरी उतरलेली वाटत नाही. म्हणजे एक बाजू ब्रिजच्या बाजूने आणि एक विरुद्ध, असंच झालं ना? आणि एक विचारते, स्क्रू बसवताना नक्की काय करतात? मला ड्रिलच्या आवाजाचीच भीती वाटते.

क्लिनिकमधून

हो, तुमची केस मधली आहे. मागच्या दाढेला बहुधा कॅप लागेल, पण ती ब्रिज केला काय, नाही केला काय, स्वतंत्रपणेही करता येते. मग प्रश्न एवढाच उरतो की एका कोऱ्या छोट्या दाढेवर पूर्ण दाढेचा भार टाकायचा का. मी असतो तर मागच्या दाढेला तिची तिची कॅप आणि मध्ये इम्प्लांट असा विचार आधी केला असता, हाड पुरेसं असेल तर. हाड कमी पडत असेल, किंवा एचबीएवनसी जास्त असेल, किंवा तुम्हाला सर्जरीच नको असेल, तर ब्रिज करा आणि साधीसुधी यांनी सांगितलंय तसं साफ करा. दोन्ही रस्ते योग्यच आहेत.

भीतीबद्दल. भूल दात काढताना देतात तीच, त्या भागापुरती. बऱ्याच पेशंटना वाटतं दात काढण्यापेक्षा हे भयंकर असणार, पण एकच इम्प्लांट बसवणं हे बहुतेकांना दाढ काढण्यापेक्षा सोपं जातं, कारण यात ओढाताण नसते. हिरडी थोडी बाजूला करतात, आधी बारीक ड्रिल, मग त्याहून जरा जाड, असं करत हाडात मापाचं भोक पाडतात. हा ड्रिल कीड काढायच्या ड्रिलसारखा किंचाळत नाही, खूप कमी वेगाने फिरतो आणि त्याच्यावर सतत सलाइनचं पाणी सोडतात, कारण हाड ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरतात. तुम्हाला दाब आणि थरथर जाणवेल, दुखणार नाही, दुखलं तर हात वर करा, भूल वाढवतात. मग स्क्रू पिळून बसवतात, वर एक छोटं झाकण, दोन टाके. दोन-तीन दिवस सूज आणि दुखणं, त्याला गोळ्या. खालच्या जबड्याचं हाड घट्ट असतं म्हणून साधारण ३ महिन्यांत वर कॅप बसवता येते, वरच्या जबड्यात जास्त थांबावं लागतं. मधल्या काळात त्या बाजूने कडक काही चावू नका.

धूपछांव

एक शंका. सगळ्या हरवलेल्या दातांच्या जागी दात बसवायलाच हवा असं आहे का? माझी अगदी शेवटची दाढ काढली (अक्कलदाढ नाही, तिच्या पुढची) आणि डॉक्टर म्हणाले काहीच करू नका. मला वाटलं टाळताहेत की काय.

क्लिनिकमधून

अजिबात नाही, बरोबर सांगितलंय त्यांनी. वर-खाली एकमेकांना टेकणाऱ्या साधारण १० जोड्या असतील, म्हणजे २० दात, तर बहुतेकांचं चावणं नीट चालतं, हे नेदरलँड्समधल्या अभ्यासांतून १९८० च्या दशकातच पुढे आलं होतं. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०२०’ नावाची मोहीम चालू आहे, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात तोंडात असावेत हे तिचं लक्ष्य. शेवटची दाढ गेली तर तिच्या मागे कलायला कोणी नसतं. फक्त तिच्या वरची दाढ उतरतेय का एवढं बघत राहायचं. चांदणफूल यांची गेलेली दाढ मधली आहे, मागेपुढे दोन्हीकडे दात आहेत, आणि चावण्याचा सगळ्यात मोठा भार तीच उचलते, म्हणून तिथे माझं मत वेगळं.

धूपछांव

धन्यवाद डॉक्टर, खूप हायसं वाटलं. आणि ते जपानचं दात परत उगवायचं औषध, ते कधी येणार? सारखे व्हिडिओ येतात.

क्लिनिकमधून

जपानमध्ये २०२४ मध्ये त्याची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. शरीरात यूसॅग-वन नावाचं एक प्रथिन दाताची वाढ थांबवतं, त्याला अडवणारं ते औषध आहे. उंदीर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी) यांच्यात त्याने जास्तीचे दात उगवले. पण पहिल्या चाचणीत मुख्यतः ते सुरक्षित आहे का एवढंच बघतात, आणि संशोधकांचा पहिला रोख ज्यांना जन्मतःच काही दात येत नाहीत अशा मुलांवर आहे. त्याची वाट बघत आज तोंडातली जागा रिकामी ठेवू नका.

मावळतीचा_वारा

चांदणफूल, आईंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण माझ्या आईची हीच अवस्था होती आणि आम्ही त्यावर काम करून घेतलं.

वरची कवळी बसते त्याचं कारण तिला टाळूचा मोठा आधार असतो, लाळेच्या पातळ थराने ती टाळूला चिकटून राहते. खाली टाळू नाही, मध्ये जीभ सतत हलतेय, आणि दात जाऊन वर्षं झाली की हाडाची कड इतकी बसते की कवळीला धरायलाच काही राहत नाही. आईच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं तर उंचवटा जाणवायचाच नाही, मागे नुसतं सपाट आणि पुढे सुरीच्या धारेसारखी एक बारीक कड, आणि त्या कडेवर कवळी दाबली की ती कळवळायची. तिच्या तोंडात ते बघितल्यावर मला कळलं की ती एवढे दिवस काय सहन करतेय.

आधी आम्ही रिलायनिंग करून घेतलं, म्हणजे त्याच कवळीला आतून नवा थर देऊन हिरडीशी परत जुळवणं. त्याने काही महिने बरं गेलं. मग डॉक्टरांनी खालच्या जबड्यात पुढे, दोन सुळे असतात त्या जागी, दोन इम्प्लांट सुचवले. पुढच्या भागात हाड बहुतेकांचं टिकून असतं आणि ती नसही तिथे मध्ये येत नाही. त्या दोन इम्प्लांटवर गोल बटणं आणि कवळीच्या आतल्या बाजूला रबराच्या छोट्या चकत्या. आई कवळी घालते तेव्हा टक् टक् असे दोन आवाज येतात, तो आवाज आला की ती निर्धास्त. रात्री काढते, बटणं मऊ ब्रशने घासते. चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात, ते पाच-दहा मिनिटांचं काम.

हे काही नवीन खूळ नाहीये. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की खाली एकही दात नसेल तर नुसती कवळी देण्याऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा. म्हाताऱ्या माणसांना आपणच परस्पर ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाकतो ते मला फार लागतं. वय आड येत नाही, तब्येत बघावी लागते. आई आता लग्नाकार्यात पंगतीला सगळ्यांबरोबर बसते.

चांदणफूल

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आमच्या आईची कवळी बहुतेक दहा वर्षांच्या वर जुनी आहे. आणि एक, ती हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा एक गोळी घेते, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी. त्याने काही फरक पडतो का? शिवाय ती कवळी रात्री तोंडातच ठेवून झोपते, कोणी तिला तसं बघू नये म्हणून.

क्लिनिकमधून

ही गोळी सांगितलीत ते फार चांगलं केलंत, आणि डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. वर्णनावरून बिस्फॉस्फोनेट गटातली वाटते. या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, पण त्याबरोबर जबड्याचं हाड स्वतःला नव्याने भरून काढायचं कामही मंदावतं, आणि दात काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवल्यावर क्वचित ती जागा भरतच नाही, हाड उघडं पडतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून तोंडाने गोळी घेणाऱ्यांत हे फार कमी होतं, कॅन्सरसाठी हीच औषधं शिरेतून मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्यांत धोका बराच जास्त. गोळी किती वर्षं चालू आहे, सोबत स्टेरॉइड आहे का, यावर ठरवतात. म्हणून आईंना इम्प्लांट नाहीच असं नाही, पण डेंटिस्ट आणि गोळी लिहून देणारे डॉक्टर, दोघांचं बोलणं झाल्याशिवाय नाही. आणि गोळी परस्पर बंद करू नका, मांडीचं हाड मोडलं तर ते फार महागात पडेल. रक्त पातळ करायची गोळी कोणाची चालू असेल तर तिचंही तेच, विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

कवळी दहा वर्षांच्या वरची असेल तर आधी नवी करून बघणं योग्य. दात झिजून सपाट झालेले असतात, हाड खाली गेलेलं असतं, त्यामुळे तोंड जास्त मिटतं, हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते आणि ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडतात. नव्या कवळीत ती उंची परत मिळवता येते, बऱ्याच जणांचा निम्मा त्रास तिथेच जातो. पण आईंना आधी सांगून ठेवा की कवळीने स्वतःच्या दातांसारखं चावता येत नाही, ताकद साधारण पाव राहते, आणि नव्या कवळीची सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला टोचेल तिथे घासून घ्यायला परत जावं लागतं, ते कवळी चुकल्याचं लक्षण नाही.

रात्रीचं मात्र बदलायलाच हवं. चोवीस तास कवळी ठेवली की टाळू लालभडक होतो, बुरशी वाढते, आणि वयस्कर माणसांत न्यूमोनियाचा धोकाही वाढतो असं जपानमधल्या एका पाहणीत दिसलंय. रात्री काढून, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासून, गार पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात नको, वाकडी होते. टूथपेस्टने नको, बारीक ओरखडे पडतात आणि त्यात बुरशी राहते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घ्या किंवा खाली टॉवेल अंथरा, हातातून निसटूनच सगळ्यात जास्त कवळ्या तुटतात. आणि आईंना कोणी बघितलेलं आवडत नसेल तर त्यांचा मान ठेवा, झाकणाची अपारदर्शक डबी द्या, दिवा मालवल्यावर काढू देत.

चांदणफूल

अपारदर्शक डबीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं, आजच आणते. माझं ठरलंय, आधी एचबीएवनसी करते, मग सीबीसीटी. मागच्या दाढेची कॅप इम्प्लांटच्या आधी करायची की नंतर?

क्लिनिकमधून

आधी तिचं जुनं फिलिंग काढून आत किती दात शिल्लक आहे ते बघून घ्या. त्या दाढेलाही चीर असेल आणि ती नस किंवा मुळापर्यंत गेली असेल तर सगळा प्लॅनच बदलतो. दाढ ठीक निघाली तर सध्या पक्कं फिलिंग करून ठेवायचं आणि इम्प्लांट हाडाने धरल्यावर दोन्ही कॅपची मापं एकाच वेळी घ्यायची, म्हणजे दोघींच्या मधला सांधा नीट जुळतो आणि तिथे अन्न अडकत नाही. आणि इम्प्लांटच्या आधी एकदा सगळे दात साफ करून घ्या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते थांबल्यावरच सर्जरीची तारीख घ्या.